जुनी एसयूव्ही घेताना: मीटर बघायचं, ॲव्हरेज बघायचं की फीचर्स?

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये गाडीचा विषय हमखास निघतो. यंदा एका सहकारी सरांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. "मॅडम, या दोन बघा. दोन्ही २०१८च्या, दोन्हींची किंमत पावणेसात लाख. ही पेट्रोल, ४५ हजार किलोमीटर चाललीय, पण साधं मॉडेल. ही डिझेल, ९० हजार चाललीय, पण टॉप मॉडेल. सनरूफ, मोठा स्क्रीन, सगळं आहे. सांगा, कोणती घेऊ?"

मी काही गाड्यांची जाणकार नाही, शाळेत गणित शिकवते. पण या प्रश्नाची चांगलीच फी भरलेली असल्यामुळे सरांना उत्तर द्यायला तासभर बसले. तेच इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत गाडी म्हणजे सेकंडहँड गाडीच असते. व्याजाचं कर्ज नको, म्हणून भिशी, बचत, कधी एखादा दागिना असं जमवून रोख गाडी घेतली जाते. असा पैसा एकदाच जमतो. तो चुकीच्या गाडीत गेला तर पुन्हा जमायला सहा-सात वर्षं लागतात.

आमची चूक आधी सांगते

माझ्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. आम्ही तासगावला राहतो. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. रिक्षा आणि भाड्याच्या गाड्यांना कंटाळून चार वर्षांपूर्वी आम्ही जुनी एसयूव्ही घ्यायचं ठरवलं. एका विक्रेत्याकडे गाडी पसंत पडली. मीटरवर ४८ हजार, वरचं मॉडेल, लेदरच्या सीटा, बटणावर चालू होणारं इंजिन. मुलं तर आत बसूनच राहिली. मुलांच्या अब्बांनी दोन चकरा मारल्या आणि टोकन देऊन टाकलं. मीही काही विचारलं नाही. वर्गात मुलांना 'पडताळा करा, पडताळा करा' म्हणून ओरडणारी मी, स्वतःच्या साडेपाच लाखांचा पडताळा केला नाही.

तिसऱ्या महिन्यात, पावसात, डायलिसिसला जाताना क्लच गेला. सासरे दीड तास रस्त्याच्या कडेला गाडीत बसून होते. त्या दिवशी त्यांचा नंबर चुकला आणि रात्री त्यांना दम लागला. अल्हम्दुलिल्लाह, दुसऱ्या दिवशी सगळं नीट झालं. मेस्त्रींनी गाडी खोलली तेव्हा म्हणाले, "ताई, ही ४८ हजारांची गाडी नाही." कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर टाकून जुनी नोंद काढली, तर आम्ही घेण्याच्या दोन वर्षं आधीच ती एक लाख तीन हजार चाललेली होती. मीटर मागे घेतलेलं होतं. विक्रेता म्हणाला, "आमच्याकडे अशीच आली."

पुढची गाडी घेताना मी वही-पेन घेऊन बसले.

'मायलेज' या एका शब्दात दोन गोष्टी

आपण मायलेज म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ॲव्हरेज म्हणायचं असतं, म्हणजे एका लिटरला गाडी किती किलोमीटर जाते. पण जुन्या गाडीच्या बाबतीत दुसराही आकडा तितकाच महत्त्वाचा: आजवर गाडी किती चालली, म्हणजे रनिंग. पहिला आकडा तुमचा पुढचा खर्च सांगतो, दुसरा आकडा मागच्या मालकाने किती गाडी वापरून संपवली ते सांगतो. फीचर्स ही तिसरी बाजू. या तिन्हींचा एकमेकांशी तोल बघायचा असतो. एकाच गोष्टीवर फिदा झालं की बाकीच्या दोन दिसत नाहीत.

रनिंग: कमी म्हणजे चांगलंच असं नाही

घरगुती गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते असं धरलं, तर सात वर्षांची गाडी ७० ते ८४ हजार चाललेली असणं अगदी स्वाभाविक आहे. तीच गाडी ३० हजारच चालली असेल, तर खूश होण्याआधी दोन शंका घ्या. एक, मीटर खरं आहे का? दोन, खरं असेल तर गाडी इतके दिवस उभीच होती का? उभ्या गाडीचीही झीज होते. बॅटरी उतरते, टायर कडक होऊन चिरा पडतात, रबरी सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कला गंज चढतो, तेल बदललेलं नसतं.

याउलट हायवेवर चाललेली ९० हजारांची गाडी, जिची दर सर्व्हिस वेळेवर झाली, ती गल्लीबोळात, क्लच दाबून-दाबून चालवलेल्या ५० हजारांच्या गाडीपेक्षा ठणठणीत असू शकते. म्हणून आकड्यापेक्षा त्या आकड्याचा पुरावा मागा.

हा पुरावा कुठून मिळतो?

एक, सर्व्हिसची नोंद. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून जुन्या नोंदी सापडतात, प्रत्येक नोंदीत त्या दिवशीचं रनिंग असतं. मालकाला सोबत घेऊन जा. मालक टाळाटाळ करत असेल तर तेही एक उत्तरच आहे.

दोन, पायाखालचं रबर. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगची कातडी चकाकतेय, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड बसलीय आणि मीटर मात्र ३५ हजार सांगतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर अगदी कोरं असेल तरी विचारा, का बदललं?

तीन, टायर. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. २०१९ची गाडी, मीटर २५ हजार आणि चारही टायर २०२३चे? पंचवीस हजारात चार टायर सहसा संपत नाहीत. स्टेपनी बघायला विसरू नका, मूळ टायर बहुतेक तिथेच सापडतो.

एक लाखाच्या आसपास गाडी आली की काही खर्च दारात उभे असतात: क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर, टायरचा दुसरा किंवा तिसरा संच, कूलंटचे पाइप. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलला नाही आणि तुटला, तर इंजिनच उघडावं लागतं. ही कामं आधीच्या मालकाने करून बिलं ठेवली असतील, तर ९० हजारांची गाडी ६० हजारांच्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. केली नसतील तर ती तुमच्या खिशातून होणार, एवढं धरून भाव करा.

पुराची गाडी

आपल्या भागात हा मुद्दा वेगळा लिहायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलंय. माझं माहेर चिपळूणचं. भाईजानच्या गल्लीतल्या गाड्या छतापर्यंत चिखलात होत्या. अशा कित्येक गाड्या धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात येतात, बहुतेक दुसऱ्या जिल्ह्यात.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या, डिकीत स्टेपनीची जागा, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू बघा. काचा बंद करून पाच मिनिटं बसा. ओलसर, कुबट वास येतोय आणि वर जोरदार परफ्युम मारलेला असेल, तर उठा. विमा कंपनीकडे जुना क्लेम किती रकमेचा होता तेही विचारून घेता येतं. आणि इथे फीचर्सची बाजू उलटी होते. गाडीत जितकी इलेक्ट्रॉनिक्स जास्त, तितकं पाण्याने झालेलं नुकसान मोठं. आज चालणारा स्क्रीन सहा महिन्यांनी बंद पडतो, कारण वायरिंगच्या जोडात गंज हळूहळू चढतो.

ॲव्हरेज: इथे गणित कामाला येतं

कागदावरचं ॲव्हरेज प्रयोगशाळेतल्या चाचणीतलं असतं. २०१६ साली आलेल्या मारुती विटारा ब्रेझाच्या डिझेल गाडीचा जाहीर आकडा लिटरला २४.३ होता, २०२० मध्ये आलेल्या पेट्रोल मॅन्युअलचा १७.०३. प्रत्यक्षात एसी लावून, पाच माणसं बसवून, गावातल्या गर्दीतून इतकं कोणालाच मिळत नाही. जाहीर आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करून हिशेब मांडला की निराशा होत नाही.

आता एक गंमत. सातवी-आठवीत आपण व्यस्त प्रमाण शिकतो आणि विसरतो. वर्षाला ९,००० किलोमीटर धरा. ॲव्हरेज १० वरून १२ झालं तर पेट्रोल ९०० लिटरवरून ७५० वर येतं, म्हणजे १५० लिटर वाचलं. ॲव्हरेज १८ वरून २० झालं तर ५०० वरून ४५०, फक्त ५० लिटर वाचलं. दोन्हीकडे फरक दोनचाच, पण बचत तिप्पट वेगळी. याचा अर्थ असा की लिटरला दहा देणारी जड गाडी टाळणं फायद्याचं आहे. पण १८ देणारी सोडून २० देणारीच हवी म्हणून पन्नास हजार जास्त मोजणं किंवा चांगली सुरक्षित गाडी सोडणं शहाणपणाचं नाही. ५० लिटर म्हणजे वर्षाला पाच हजारांच्या आसपास.

दुसरा घोळ डिझेलचा. डिझेल स्वस्त, ॲव्हरेज जास्त, म्हणून डोळे मिटून डिझेल घेतली जाते. पण डिझेलची सर्व्हिस महाग, इंजेक्टर-टर्बोचं काम निघालं तर मोठं बिल. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर एका वेगात चालावी लागते. रोज शाळा, बाजार, मशीद, घर अशी दोन-दोन किलोमीटरची फिरती असेल तर फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. तुमचं चालवणं असं असेल तर पेट्रोलच बरं.

सीएनजीचं ॲव्हरेज मोहक आहे, पण टाकीने डिकी खाल्लेली असते. बाहेरून किट बसवलेलं असेल तर ते आरसी बुकात चढलेलं आहे का आणि टाकीची चाचणी वेळेत झाली आहे का, ते बघितल्याशिवाय हात लावू नका.

फीचर्सचे तीन ढीग करा

टॉप मॉडेल, मिड मॉडेल, बेस मॉडेल हे शब्द विसरा. फीचर्सची यादी घ्या आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग: जीव वाचवणारी. एअरबॅग, एबीएस ब्रेक, मुलांची सीट पक्की बसवण्याचे आयसोफिक्स हूक, वळणावर गाडी घसरू न देणारी ईएसपी. यांत सालं महत्त्वाची आहेत. कारना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण करणारा आवाज हे १ जुलै २०१९ पासून. पुढच्या दुसऱ्या सीटची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना २०२१ संपता संपता सक्तीची झाली. म्हणजे २०१८ची गाडी घेताना या गोष्टी आहेतच असं धरू नका. त्या काळी कित्येक कंपन्यांच्या साध्या मॉडेलला त्या नसत, पैसे मोजून घ्याव्या लागत.

स्टारचंही तसंच. टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ऑगस्ट २०१८ मध्ये चार स्टार मिळाले होते. कंपनीने सुधारणा केल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पाच स्टार मिळण्याची ती पहिलीच वेळ. नाव तेच, साल तेच, पण गाडी थोडी वेगळी. 'फाइव्ह स्टार आहे' असं विक्रेत्याने सांगितलं तर 'ही कुठल्या महिन्यातली?' हे विचारायचं.

दुसरा ढीग: रोज उपयोगी पडणारी. मागच्या सीटला एसीचा झोत, उंची कमी-जास्त होणारी ड्रायव्हर सीट, मागचा वायपर, हेडलाइटचा चांगला उजेड. आमच्या घरात सासूबाईंचे गुडघे हे सगळ्यात मोठं फीचर. काही एसयूव्ही इतक्या उंच असतात की पायरीवर चढून बसावं लागतं. म्हणून ट्रायलला घरातल्या वयस्करांना घेऊन जा. त्यांना चार वेळा चढता-उतरता आलं तर गाडी पास. सात सीटांची गाडी घेत असाल तर तिसऱ्या रांगेत स्वतः दहा मिनिटं बसून बघा, आणि सीट उभी असताना डिकीत किती सामान बसतं तेही.

तिसरा ढीग: दाखवायची. सनरूफ, मोठा स्क्रीन, रंगीबेरंगी लाइट, मोठी अलॉय व्हील. ही वाईट नाहीत, पण जुन्या गाडीत यांचं ओझं होतं. सनरूफच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्या धुळीने तुंबल्या की पाणी छताच्या कापडात उतरतं, कोकणातल्या पावसात तर नक्कीच. मोठ्या व्हीलचे टायर महाग मिळतात. आठ वर्षांपूर्वीचा स्क्रीन आजच्या मोबाइलशी जुळतोच असं नाही.

आता यातलं सूत्र. पहिल्या ढिगातली एकही गोष्ट नंतर बसवता येत नाही. एअरबॅग बाजारातून आणून लावता येत नाही. तिसऱ्या ढिगातलं बरंच काही, म्हणजे स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय, सीटकव्हर, काही हजारांत नंतर होऊन जातं. जे नंतर होत नाही त्यासाठी आज पैसे द्या. जे नंतर होतं त्यासाठी आज जास्त चाललेली गाडी पत्करू नका.

सरांच्या दोन गाड्यांचा हिशेब

वहीत आम्ही असा मांडला. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल १०५ रुपये, डिझेल ९० रुपये धरलं. पेट्रोल गाडीचं खरं ॲव्हरेज १४, डिझेलचं १८.

वर्षाला ९,००० किलोमीटर: पेट्रोलचा खर्च ६७,५००, डिझेलचा ४५,०००. डिझेल वर्षाला २२,५०० वाचवते, पाच वर्षांत एक लाख साडेबारा हजार.

पण डिझेल गाडी ९० हजारांवर उभी आहे. क्लच, सस्पेन्शन, टायर, बॅटरी मिळून ७५ हजार धरले. सर्व्हिस आणि विम्याचा जादा खर्च वर्षाला पाच हजार, म्हणजे पाच वर्षांत २५ हजार. एकूण एक लाख. उरली बचत साडेबारा हजार, महिन्याला दोनशे रुपये. आणि पाच वर्षांनी विकताना एक गाडी ९० हजार चाललेली असेल, दुसरी एक लाख ३५ हजार. तिथे डिझेलवाली मागे पडणार. थोडक्यात, नऊ हजारांच्या वापराला दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच.

वापर दुप्पट, १८ हजार असेल तर डिझेलची बचत सव्वादोन लाख होते आणि ती सरळ जिंकते. वापर चार हजारच असेल तर पाच वर्षांत इंधनात ५० हजार वाचतात आणि दुरुस्तीत त्याहून जास्त जातात. पेट्रोल जिंकते. म्हणून 'कोणती गाडी चांगली' याच्या आधी 'आपण वर्षाला किती चालतो' हे मोजा. शाळा, दवाखाना, माहेर, लग्नं, सगळं कागदावर लिहून बेरीज करा. बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा हा आकडा कमी निघतो.

पैशांनी फैसला होत नसेल तेव्हा पहिला ढीग बघायचा. मी सरांना विचारलं, "त्या साध्या मॉडेलला एअरबॅग किती?" त्यांनी विक्रेत्याला फोन लावला. एकच, ड्रायव्हरची. एबीएस नाही. "आणि वहिनी नेहमी कुठे बसतात?" सर काही बोलले नाहीत. वहिनी बाळाला घेऊन पुढेच बसतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. बाळ मांडीवर घेऊन पुढे बसणं एअरबॅग असली तरी धोक्याचंच, मुलांची जागा मागे, हेही मी तेव्हाच सांगून टाकलं.

कागद आणि पैसा, थोडक्यात

गाडी कितीही आवडली तरी एवढं केल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, इंधन कुठलं, विमा चालू आहे का, बँकेचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. थकलेले ई-चलन विकणाऱ्याने भरायचे. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन गाडी तुमच्या नावावर चढलीच पाहिजे. 'नंतर करू' हे कोणाचंच चालवून घेऊ नका. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा निकाल आहे. म्हणून विकणाऱ्यानेही घाई करायला हवी. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा पुढचा हप्ता वाढलेला धरा.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते, विशेषतः दिल्लीकडची डिझेल. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून भाव पडले. पण तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवं पासिंग हे सगळं मिळवून मग तुलना करा.

नव्या गाडीची आजची किंमतही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या गाडीचा भाव कोणी त्याआधीच्या नव्या किमतीवरून सांगत असेल, तर तो जास्त सांगतोय.

आणि बजेट सात लाख असेल तर गाडी सव्वासहाचीच बघा. नाव चढवणं, विमा, पहिली मोठी सर्व्हिस आणि मेस्त्रीने काढलेली किरकोळ कामं यांना उरलेले पैसे लागतातच. आपला विश्वासाचा मेस्त्री सोबत न्या, त्याला त्याची मजुरी द्या. हजार-पाचशे वाचवायला जाऊन आम्ही काय गमावलं, ते वर लिहिलंच आहे.

विकण्याची वेळ आपलीही येते

ती मीटर फिरवलेली गाडी आम्ही वर्षभराने विकली. एजंट म्हणाला, "वहिनी, मीटरवर ६१ हजार आहे, तेवढंच सांगा. तुम्ही काही फिरवलेलं नाही." खरं तर आम्ही फिरवलेलं नव्हतंच. सासरे आतून ऐकत होते. म्हणाले, "ज्यामुळे मी रस्त्यावर बसलो, ते दुसऱ्याच्या बापाला नको." आम्ही सर्व्हिसची नोंद गिऱ्हाइकाच्या हातात दिली. ऐंशी हजार कमी आले. ऐब सांगून माल विकायचा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्याची किंमत किती असते ते त्या दिवशी कळलं. पण त्या गिऱ्हाइकाचा फोन अजून ईदला येतो.

नंतर आम्ही घेतली ती मधल्या मॉडेलची गाडी. एका निवृत्त गृहस्थांची, ८१ हजार चाललेली, प्रत्येक सर्व्हिसचं बिल फाइलमध्ये लावलेलं. दोन एअरबॅग, एबीएस, मागे एसी. सनरूफ नाही, स्क्रीन आम्ही नंतर बसवला. मुलं दोन दिवस रुसली. त्या गाडीने आजवर मिरजेची एकही खेप चुकवलेली नाही.

सरांनी शेवटी दोन्ही गाड्या सोडल्या. पंधरा दिवसांनी त्यांना तशीच एक मधली सापडली, पेट्रोल, ६२ हजार चाललेली, दोन एअरबॅगवाली. परवा शाळेत घेऊन आले होते. मी आधी वाकून टायरवरचे चार आकडे वाचले, मग मुबारकबाद दिली.